बदलीतलं दिव्यांग प्रमाणपत्र आणि ‘व्यापक लोकहित’: एका माहिती अर्जाचं प्रकरण

माहिती अधिकाराच्या अर्जात शेवटची ओळ हमखास एकच असते: ‘सदर माहिती व्यापक लोकहितासाठी आवश्यक आहे.’ अर्ज नाकारणाऱ्या पत्रातही तोच शब्द उलट बाजूने येतो: ‘यात कोणतेही व्यापक लोकहित दिसून येत नाही.’ दोन्हीकडे पुढे कारण नसतं. खालच्या प्रकरणात एका जन माहिती अधिकाऱ्याला ते कारण खरोखर शोधावं लागलं. जिल्हा, तालुका आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. प्रकरण माहिती अधिकार कायद्यातल्या अलीकडच्या दुरुस्तीच्या आधीचं आहे. दुरुस्तीबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्या ऑनलाइन होतात. ग्रामविकास विभागाच्या, तेव्हा लागू असलेल्या ७ एप्रिल २०२१ च्या शासन निर्णयात ‘विशेष संवर्ग शिक्षक भाग १’ असा एक गट आहे. त्यात दिव्यांग शिक्षक येतात, दुर्धर आजाराने ग्रासलेले येतात, विधवा शिक्षिका येतात, आणखीही काही येतात. या गटाला मोठी सवलत आहे. बदली नको असेल तर नकार देता येतो, आणि हवी असेल तर पसंतीची शाळा इतरांच्या आधी मिळते.

सवलत योग्यच आहे, पण तिची किंमत कोणीतरी मोजतो. डांबरी रस्त्यावरची, तालुक्याच्या गावापासून पंधरा-वीस मिनिटांवरची शाळा एकाला मिळाली, की घाटातल्या वस्तीशाळेवर वर्षानुवर्षं काढलेला दुसरा शिक्षक तिथेच राहतो. जागा मोजक्या. त्यामुळे एक खोटं प्रमाणपत्र म्हणजे एका ठरावीक माणसाचं नुकसान, आणि ते कोणाचं हे सगळ्या तालुक्याला माहीत असतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं. प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयातलं वैद्यकीय मंडळ देतं. आपण ज्या तालुक्याबद्दल बोलतोय, तिथे बदल्यांची फेरी झाल्यावर कुजबुज सुरू झाली. ऐकू कमी येण्याची प्रमाणपत्रं अचानक वाढली, टक्केवारी नेमकी चाळिशीच्या जरा वर, आणि सगळी पोर्टल उघडण्याच्या आधीच्या काही महिन्यांत काढलेली, असं लोक बोलत होते. पुरावा कोणाकडेच नव्हता.

अर्ज

अवघड क्षेत्रातल्या एका शिक्षकाने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला. मागणी थोडक्यात अशी: तालुक्यात दिव्यांगत्वाच्या कारणावरून बदली मिळालेल्या किंवा नाकारलेल्या सर्व शिक्षकांची नावं, त्यांची प्रमाणपत्रं आणि सोबतच्या वैद्यकीय अहवालांच्या साक्षांकित प्रती.

अर्ज शिक्षण विभागातल्या कक्ष अधिकाऱ्यांकडे आला. त्याच जन माहिती अधिकारी. कार्यालयात त्यांना लगेच सल्ला मिळाला. अधीक्षक म्हणाले, “मॅडम, सरळ आठ-एक-ञ लावा आणि मोकळ्या व्हा.” पलीकडच्या टेबलावरून उलटा सल्ला आला: “देऊन टाका हो सगळं. उद्या आयोगाने दंड लावला तर तो तुमच्या पगारातून जाणार, अध्यक्षांच्या नाही.” दंड रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००. कार्यालयात कायद्याचं एवढंच एक कलम सर्वांना तोंडपाठ असतं.

खरी अडचण कुठे होती

कलम ८(१)(ञ) तेव्हा सांगत होतं, की सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसलेली किंवा एखाद्याच्या खासगी आयुष्यात नाहक शिरणारी वैयक्तिक माहिती देऊ नये. व्यापक लोकहितासाठी ती उघड करणं समर्थनीय वाटलं तर मात्र द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, नोटिसा, मालमत्तेचं विवरण हे सगळं वैयक्तिक ठरवलं. त्यानंतर राज्यातल्या कार्यालयांना नकाराचा एक तयार मसुदाच मिळाला. २०१९ मध्ये सुभाषचंद्र अग्रवाल प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने वैद्यकीय नोंदी, उपचार, डॉक्टरांचे निष्कर्ष यांचा वैयक्तिक माहितीत स्पष्ट उल्लेख केला, पण व्यापक लोकहिताची अट पूर्ण झाली तर दार उघडतं हेही सांगितलं.

अर्जदारालाही कायदा माहीत होता. त्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या २००७ च्या सुरूपसिंग नाईक निकालाचा हवाला दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा झालेले हे माजी मंत्री शिक्षेचा बराच काळ तुरुंगाऐवजी रुग्णालयात होते. त्यांच्या वैद्यकीय नोंदी मागितल्या गेल्या आणि उच्च न्यायालयाने लोकहिताच्या बाजूने कौल दिला. म्हणजे वैद्यकीय कागद कधीच देता येत नाहीत, हे म्हणणं महाराष्ट्रात तरी टिकत नाही.

मग इथे काय करायचं? सवलतीचा गैरवापर हा विषय लोकहिताचा आहे, यावर कोणाचं दुमत नव्हतं. अधिकाऱ्यांची सुरुवातीची नोंद तेवढंच म्हणत होती: विषय लोकहिताचा, म्हणून माहिती द्यावी. नोंदीचा हा पहिला मसुदा त्यांनी स्वतःच फाडला. विषय लोकहिताचा असला म्हणून त्या विषयावरचा प्रत्येक कागद उघड करण्यात लोकहित असतं असं नाही. कायदा विचारतो तो प्रश्न अमुक एक माहिती उघड करण्याबद्दलचा आहे.

दुसरा गुंता अर्जदाराच्या हेतूचा. त्याला स्वतःला ती जागा हवी होती. अधीक्षकांचं म्हणणं, “हा स्वार्थ आहे, लोकहित कसलं?” या मुद्द्यावर अधिकारी ठाम राहिल्या, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण विचारताच येत नाही. माहिती बाहेर आल्यावर काय घडेल यावर लोकहित ठरतं, मागणाऱ्याच्या मनात काय आहे यावर नाही. ज्याचं पोट दुखतं तोच अर्ज करतो; बाकीच्यांना वेळ नसतो.

‘जिल्हा परिषदेची बदनामी होईल’ हे कारणही एकदा तोंडी पुढे आलं. कलम ८ च्या यादीत ते नाही, त्यामुळे नोंदीत कोणी लिहिलं नाही.

त्रयस्थ पक्षांचं म्हणणं

कलम ११ प्रमाणे संबंधित शिक्षकांना नोटीस द्यावी लागणार होती: अर्ज आल्यापासून पाच दिवसांत नोटीस, त्यांना म्हणणं मांडायला दहा दिवस, आणि एकूण चाळीस दिवसांत निर्णय. नोटिसा गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक अशा वाटेने गेल्या. उघड्या पाकिटातून. याचा परिणाम पुढे दिसला.

उत्तरं आली ती वाचण्यासारखी होती. बहुतेकांनी संघटनेने वाटलेला एकच छापील मसुदा सही करून पाठवला, काहींनी तर मसुद्यातली ‘येथे नाव लिहावे’ ही सूचनाही तशीच ठेवली होती. एका पोलिओग्रस्त गुरुजींनी दोन ओळी लिहिल्या: माझा पाय सगळ्या गावाला दिसतो, माझं प्रमाणपत्र खुशाल द्या, आणि खोटे असतील ते शोधा.

आणि एका बाईंचं पत्र हाताने लिहिलेलं होतं. आपल्याला कोणता आजार आहे हे शाळेत कोणालाही माहीत नाही, पालकांना कळलं तर ते मुलांना आपल्या वर्गात बसू देणार नाहीत, असं त्यांनी लिहिलं होतं. गोळ्या चालू आहेत, शिकवण्यात कधी अडचण आली नाही, आणि माझी पुन्हा तपासणी करायची असेल तर मी कुठल्याही रुग्णालयात यायला तयार आहे, असंही होतं. या शेवटच्या वाक्याने अधिकाऱ्यांच्या विचाराला वळण दिलं.

समोरचे पर्याय

सरसकट नकार सोपा होता. पण त्यातून सवलत कशी वाटली गेली हेही झाकलं जात होतं आणि अपिलात ते टिकलं नसतं. सरसकट होकारात पोलिओग्रस्त गुरुजी आणि त्या बाई एकाच मापाने मोजल्या जात होत्या.

तिसरा पर्याय फक्त आकडे देण्याचा: इतके दिव्यांग, इतक्या बदल्या. हा अधिकाऱ्यांना आधी आवडला होता. मात्र विशेष संवर्गातल्या शिक्षकांची नावं बदलीच्या वेळी हरकतींसाठी आधीच प्रसिद्ध झाली होती. जे भिंतीवर लागलं होतं ते आता गोपनीय म्हणणं हास्यास्पद ठरलं असतं. शिवाय कलम ४(१)(ख) नुसार सवलती मिळालेल्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचा असतो.

चौथा पर्याय कलम १० चा, म्हणजे देण्याजोगा भाग वेगळा काढून तेवढाच देण्याचा. पण रेघ कुठे मारायची? इथे अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्राचा एक नमुना समोर ठेवला आणि एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारलं: हे बाहेर गेलं तर लबाडी उघडी पडेल का?

आजाराचं नाव? नाही पडत. खोट्या प्रमाणपत्रावर आणि खऱ्या प्रमाणपत्रावर आजाराचं नाव सारखंच छापलेलं असतं, शिक्का तोच, सही तीच. झेरॉक्स बघून कोणाचे कान चांगले आहेत हे अर्जदाराला कळणार नव्हतं. ते कळायला पुन्हा तपासणीच हवी. नाईक प्रकरण इथेच वेगळं पडतं. रुग्णालयात ठेवण्याची गरज होती का, या प्रश्नाचं उत्तर तिथे त्या नोंदींतच होतं. इथे ते प्रमाणपत्रात नव्हतंच.

तारीख? ती महत्त्वाची. पोर्टलच्या तोंडावर प्रमाणपत्रांचा पूर आला असेल तर तारखाच ते दाखवतील. देणारं रुग्णालय? तेही. कायम की तात्पुरतं, मुदत संपली का? नक्कीच, मुदत संपलेल्या कागदावर सवलत दिली असेल तर ती कार्यालयाची चूक. फोटो, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक यांचा काही उपयोग नाही.

आणि प्रमाणपत्रावर नसलेला एक रकाना अधिकाऱ्यांनी स्वतः वाढवला: कार्यालयाने पडताळणी केली का? तो फाइलमध्ये होता. त्यात कोणाचीही खासगी गोष्ट नव्हती, तरी सगळ्यात जास्त विरोध त्यालाच झाला.

निर्णय

दोन तक्ते द्यायचं ठरलं. पहिला नावासह: आधीची शाळा, नवी शाळा, प्रमाणपत्र देणारं रुग्णालय, तारीख, मुदत, पडताळणी झाली की नाही. दुसरा नावाविना: दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारीचा गट आणि प्रमाणपत्राचा महिना. ‘ऐकू न येण्याची प्रमाणपत्रं चाळिशीच्या जरा वर’ या संशयाचं उत्तर दुसऱ्या तक्त्यातून मिळावं, पण कोणाचा कोणता प्रकार ते कळू नये, असा हेतू. वैद्यकीय अहवाल पूर्ण नाकारले. आदेश तीन पानी होता आणि प्रत्येक रकान्याचं कारण त्यात होतं. जिल्हा परिषदेत असा आदेश क्वचित निघतो.

माहिती चाळिसाव्या दिवशी अर्जदाराला दिली. शिक्षकांना निर्णयाची पत्रं त्याच दिवशी निघाली.

पुढे काय झालं

पहिल्या तक्त्याने खळबळ उडाली, ती पडताळणीच्या रकान्यामुळे. जवळपास प्रत्येक ओळीत ‘नाही’. कागद आले, ते आहेत एवढं बघून संवर्ग मंजूर झाला. तारखांनी कुजबुज बऱ्याच अंशी खरी ठरवली. स्थानिक वृत्तपत्रात बातमी आली, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सगळ्या दिव्यांग शिक्षकांना फेरतपासणीसाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचा आदेश काढला. ऐकण्याच्या तक्रारींसाठी बेरा चाचणी घेतली गेली. यात आवाजावर मेंदूकडून येणारा प्रतिसाद यंत्र नोंदवतं, ‘ऐकू येत नाही’ असं नुसतं म्हणून भागत नाही. काही शिक्षक ठरलेल्या तारखेला गेलेच नाहीत. काहींची टक्केवारी चाळिशीच्या खाली आली आणि त्यांच्यावर विभागीय कारवाई सुरू झाली. बरेचजण खरे निघाले, हेही सांगायला हवं. संशयाच्या त्या महिन्यांत त्यांनी जे ऐकून घेतलं त्याची भरपाई कोणी केली नाही.

दुसऱ्या तक्त्याने मात्र घात केला. एका महिन्यात तालुक्यातून एकच प्रमाणपत्र निघालं होतं. पहिल्या तक्त्यात तारीख आणि नाव, दुसऱ्यात महिना आणि प्रकार. कोणीतरी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, आणि हाताने पत्र लिहिणाऱ्या बाईंचं नाव आजारासह शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरलं. त्यांनी तक्रार केली. त्या फेरतपासणीला गेल्या, टक्केवारी आधीइतकीच आली, आणि तरीही वर्षअखेरीस त्यांनी तालुका बदलून मागितला.

अर्जदाराने पहिलं अपील केलं: प्रती हव्यातच. प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांनी वैद्यकीय अहवालांचा नकार कायम ठेवला, पण फेरतपासणीचा निष्कर्ष ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढ्या एका शब्दात, नावासह देण्याचा आदेश दिला. सवलत ज्या अटीवर मिळाली ती अट पूर्ण होती की नाही एवढंच यातून कळतं. का, ते कळत नाही. हा मला सगळ्या प्रकरणातला सर्वात नेमका आदेश वाटतो. अर्जदार त्यावरही समाधानी नव्हता. त्याचं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठापुढे गेलं आणि हे लिहिताना प्रलंबित आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठी चूक तारखेची, म्हणजे निर्णयाच्या दिवसाची. कलम ११(४) प्रमाणे त्रयस्थ पक्षाला निर्णयाविरुद्ध अपिलाचा हक्क आहे आणि कलम १९ मध्ये त्यासाठी तीस दिवस आहेत. माहिती त्याच दिवशी हातात दिल्यावर हा हक्क कागदावर उरतो. अधिकाऱ्यांना चाळीस दिवसांची मुदत पाळायची होती, दंडाची धास्ती होती. निर्णय चाळीस दिवसांत कळवून, हरकत घेणाऱ्यांच्या अपिलाची मुदत संपेपर्यंत त्यांच्यापुरती माहिती राखून ठेवता आली असती आणि तसं आदेशात लिहिता आलं असतं. मधल्या काळात त्या बाईंनी अपील केलं असतं तर दोन तक्ते जुळतात हे कोणाच्या तरी लक्षात आलं असतं.

दुसरं, नाव नसलेला तक्ता म्हणजे सुरक्षित तक्ता, हा समज. महिन्याऐवजी तिमाही घेतली असती आणि एका गटात पाचपेक्षा कमी माणसं आली की तो गट ‘इतर’मध्ये टाकला असता, तर चाळीस ते पन्नास टक्क्यांचा फुगवटा तसाच दिसला असता आणि माणूस दिसला नसता. द्यायच्या आधी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून जुळवायचा प्रयत्न करून बघणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

नोटिसा बंद पाकिटातून, थेट शिक्षकाच्या नावे जायला हव्या होत्या. मुख्याध्यापकांच्या टेबलावरून गेलेल्या उघड्या नोटिशीने कोण यादीत आहे याची चर्चा उत्तरं यायच्या आधीच सुरू केली होती.

आणि पडताळणी आधी झाली असती तर हा अर्जच आला नसता, असं अधीक्षक आता सांगतात. खरं आहे. फक्त अर्ज आला नसता तर पडताळणी झाली असती का, हे ते सांगत नाहीत. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ९१ मध्ये फसवून लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१६ पासून आहे. शिक्षण विभागात ती कोणाला आठवली, ती बातमी छापून आल्यावर.

दुरुस्तीनंतर हाच अर्ज आला तर

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) छाटून टाकलं, आणि ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. आता तिथे फक्त ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढंच उरलं आहे. सार्वजनिक कामकाजाशी संबंध, नाहक अतिक्रमण, व्यापक लोकहित ही सगळी मोजमापं त्या कलमातून गेली. आता अधीक्षकांचा सल्ला पूर्वीपेक्षा जास्त वजनदार वाटेल.

पण कलम ८(२) जागेवर आहे. माहिती उघड करण्यातलं लोकहित संरक्षित हिताला होणाऱ्या हानीपेक्षा जास्त असेल तर कलम ८(१) मधली सूट असली तरी माहिती देता येते, असं ते सांगतं. म्हणजे हानी आणि लोकहित दोन्ही तराजूत घालायची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहेच; फक्त आता ते कलम शोधून स्वतःहून उघडावं लागेल. या प्रकरणातला रकान्यागणिक प्रश्न तिथे जसाच्या तसा चालतो. आजाराच्या नावाने हानी मोठी आणि हाती काही लागत नाही. तारखेने हानी नगण्य आणि हाती बरंच लागतं. पडताळणीचा रकाना तर कोणाची वैयक्तिक माहितीच नाही, तो कार्यालयाच्या कामाचा हिशोब आहे आणि त्याला ८(१)(ञ) लागूच होत नाही. अर्ज करणाऱ्यांनीही मागणी लिहिताना प्रमाणपत्राच्या प्रतींऐवजी पहिल्यांदा तो रकाना मागावा. दहा रुपयांत तेवढं मिळालं तरी पुढचं काम सुरू होतं.